जीप भरली की मऊ चालते

भावाची जीप उंच करायची ठरलं त्या दिवशी मी एका कागदावर आम्हाला त्या गाडीकडून काय काय हवं आहे ते लिहून काढलं. कुठलंही काम हातात घेतलं की आधी लिहून काढायचं, ही सवय मला तेव्हापासूनची. आजही मी यादीशिवाय बाजारात जात नाही. त्या कागदावर चारच गोष्टी होत्या. गाडी म्हशीच्या पाठीवर अडकू नये. बाबांच्या मणक्याला धक्का बसू नये. बाबांना फार वर उचलायला न लागता आत ठेवता यावं. आणि भावाचा रोजचा धंदा बंद पडू नये. चारही मागण्या साध्या होत्या. त्या चारही एका गाडीत मावत नाहीत हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

म्हशीची पाठ ही आमच्या वाटेवरची जागा. भिवंडीहून वाडा रस्त्याने जाऊन दिघाशीकडे आत वळलं की थोड्याच अंतरावर ती लागायची. तिथून पुढे गाव बरंच लांब. गवताने लादलेल्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल कोरल्या होत्या आणि मधे काळा कातळ तसाच वर राहिला होता, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. बैलगाडीचं पोट उंच, ती निघून जायची. जीपचं पोट टेकायचं. म्हणून भाऊ एका बाजूची चाकं कातळावर आणि दुसऱ्या बाजूची बांधाच्या उतारावर घालून गाडी तिरकी काढायचा. गाडी इतकी कलायची की आतली माणसं आधीच उतरून चालत पलीकडे जायची आणि पुन्हा चढायची. कुणाला सांगावं लागत नसे.

हा काळ सत्तरच्या दशकातला, साधारण मधल्या वर्षांतला. वडप्याच्या बाजूला, आज गोदामं आहेत तिथे, तेव्हा भाताची खाचरं होती. भावाने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. रोज सकाळी दुधाच्या किटल्या, भाजी आणि गावची माणसं घेऊन तो भिवंडीत धामणकर नाक्याला यायचा आणि दुपारी परत जायचा. रस्त्यात कुणी हात केला की थांबायचं, हा आमच्याकडचा रिवाज. जीप भरली आहे म्हणून कुणाला मागे ठेवलं असं मी कधी पाहिलं नाही. चिखलरक्षकावर एक, मागच्या फळीवर दोघं, कुणाच्या मांडीवर कुणी, अशी ती यायची. रिकामी जीप चाललेली दिसली तर लोक विचारत, काय झालं, कोण आजारी आहे?

त्या वर्षी झोडणी संपल्यावर बाबा पेंढ्याची उडवी रचताना वरून पडले. मणक्याला मार बसला. भिवंडीच्या दवाखान्यात काही आठवडे पाठीवर झोपून काढल्यावर डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं, पण आठवड्यातून दोनदा आणायला सांगितलं. तिथे दोन नळांच्या दांड्यांच्या मधे त्यांना उभं करायचे आणि पाय टाकायला लावायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पावसाळ्याआधी हे दांडी सोडून चालले पाहिजेत. मधे खंड पडला तर पाय चालणं विसरतील. आणि एक सांभाळा, जितकं कमी उचलाल तितकं चांगलं. उचलताना पाठ पिळवटते.

पावसाळा हा शब्द डॉक्टरांनी सहज वापरला, पण आमच्यासाठी ती शेवटची तारीखच होती. पाऊस लागला की दिघाशीची ती वाट चार महिने गाडीसाठी बंद.

मी भिवंडीतच राहत होते, त्यामुळे बाबांना माझ्याकडे ठेवावं हे उघड होतं. ठेवलंही. पण आमच्या दोन खोल्या यंत्रमागाच्या कारखान्याच्या वर होत्या. खाली माग चालले की वर पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की वीज गेल्यावरच जाग यायची. बाबांना मात्र ती थरथर थेट मणक्यात कळायची. मी खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या, विटांखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या, खाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवली. नवऱ्याने खाली मालकाला विचारलं, त्या कोपऱ्यातले माग थोडे दिवस बंद ठेवता येतील का? मालक भला माणूस. त्याने माणसांची रोजी जाते म्हटलं आणि आम्हीही पुढे बोललो नाही. शिफ्ट बदलताना थोडा वेळ माग थांबायचे तेवढ्यात बाबांचा डोळा लागायचा. शेवटी ते म्हणाले, "बाय, मला घरी ने. तिथं जमीन तरी गप हाय."

घरी नेलं. मीही गावीच राहायला गेले. भावाने पुढची डावीकडची सीट काढून एक लांब फळी आत बसवली, वर पेंढा, वर गादी. पहिल्याच खेपेला म्हशीच्या पाठीशी प्रश्न उभा राहिला. तिरकी काढावी तर बाबा फळीवरून घरंगळणार. सरळ चाकोरीतून घातली आणि जीप मधोमध टेकून बसली. चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी. आम्ही गाडी उचलून, ढकलून, पहारीने रेटून काढली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. प्रत्येक ढकलीला बाबांच्या तोंडातून हवा निघाल्यासारखा आवाज यायचा. चाकोऱ्यांत दगड भरून पाहिले. गवताच्या गाड्यांनी ते लगेच उधळून लावले. कातळावर पहार चालवली, तर पहारीचंच टोक बोथट झालं. तेव्हा भाऊ म्हणाला, आता जीपच उंच करायची.

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. उत्तरेकडचे, वयस्क, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. मी कागद घेऊन गेले. सोबत एक काठीही नेली. आदल्या दिवशी भावाने आणि मी म्हशीच्या पाठीवर जाऊन चाकोरीच्या तळापासून कातळाच्या माथ्यापर्यंत उंची मोजून त्या काठीवर खाच पाडली होती. मिस्त्रींनी खाच पाहिली, जीपखाली वाकून पाहिलं आणि तीन रस्ते सांगितले.

पहिला, गाडीचा भार चाकांवर झेलणारे कमानीसारखे लोखंडी पाटे असतात, त्यांच्या टोकाच्या कड्या लांब घालायच्या. सोपं काम, पण त्याने गाडी थोडीच उचलली जाते आणि सुकाणू हातात राहत नाही. दुसरा, पाटे आसाच्या खाली होते ते काढून आसाच्या वर बसवायचे. जीप भलती उंच होईल, पाटे तेच राहतील म्हणून चालेलही पहिल्यासारखी, पण वळणावर कलेल आणि बाबांना छातीपर्यंत उचलून आत घालावं लागेल. तिसरा, ट्रकचे जुने पाटे आणून, भट्टीत तापवून त्यांना जास्त कमान द्यायची आणि आपल्या पाट्यांत घालायचे. उंची मिळेल, फार नाही, खाचेपुरती. गाडी सरळ राहील. फक्त पाटे कडक होतील.

मी विचारलं, कडक म्हणजे किती? मिस्त्री हात पुसत होते. मग म्हणाले, "बेहेनजी, ऊंची चाहिए या नरम चाहिए? दोनों साथ में नहीं मिलेगा।"

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. त्यात दोन्ही लिहिलेलं होतं, एकाखाली एक. मी म्हटलं, काहीतरी मधलं करा. ते म्हणाले, मधलं करतो, चालून चालून पाटे बसतील, मऊ होतील. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही जोर देऊन विचारलं नाही. वेळ नव्हता. आम्ही तिसरा रस्ता घेतला. जीप तयार झाल्यावर मी स्वतः काठी खाली घालून पाहिली. खाचेच्या वर माझी मूठ आरामात बसत होती. भाऊ खूष, मिस्त्री खूष. मीही खूष होते. रिकाम्या जीपला हात लावून ती हलत नाही हे पाहून भाऊ म्हणाला, "ताई, आता पक्की झाली."

बाबांच्या खेपेसाठी मी नियम घातला की त्या दिवशी जीपमध्ये दुसरं कुणी बसणार नाही. किटल्या नाहीत, टोपल्या नाहीत. फक्त बाबा, आई, मी आणि चालवणारा भाऊ. आजारी माणसाला मोकळी जागा हवी, वारा हवा. गावात सर्वांनी ते मानलं. रस्त्यात उभी असलेली माणसं जीप येताना पाहून हात करण्याऐवजी हात जोडायची.

नव्या पाट्यांवर पहिल्यांदा बाबांना आणलं तेव्हा म्हशीच्या पाठीवरून जीप अशी निघून गेली की आईला कळलंही नाही. ती विचारत राहिली, आली का ती जागा? पण त्या जागेच्या आधी आणि नंतर जो रस्ता होता त्याने आमचे हाल केले. एरवी जो खड्डा कुणाच्या लक्षातही येत नसे तिथे जीप उडायची आणि लाकडी ओंडका टाकावा तशी खाली यायची. भाऊ इतका हळू चालवत होता की गुरं पुढे जात होती. तरी तेच. बाबांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं. मी त्यांच्या कमरेखाली माझे दोन्ही हात घातले, आईने डोकं धरलं. माझ्या हातांना जे लागत होतं ते त्यांच्या पाठीला काय लागत असेल, याचा हिशेब करायचं मी टाळलं. दवाखान्यात त्या दिवशी दांड्यांमधे उभं राहायची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. झोपवून ठेवलं आणि परत आणलं. घरी पोचल्यावर ते म्हणाले, "पुन्हा न्हाय." एवढंच.

मी मिस्त्रींकडे गेले. त्यांनी एक पाटा काढला. जीप थोडी मऊ झाली आणि म्हशीच्या पाठीवर टेकली. पुन्हा गेले. त्यांनी पाटा परत घातला. गादीखाली आणखी एक गादी घातली, तर बाबा त्यावर हिंदकळायला लागले. चाकांतली हवा कमी केली, तर एक चाक खडकावर फाटलं. मी एकेक उपाय करून त्यावर रेघ मारत होते. बाबांना समजावून, कधी रागावून, आई रडून, आम्ही दोन-तीन खेपा आणखी केल्या. प्रत्येक वेळी ते दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेले असायचे. होळी होऊन गेली होती. डॉक्टरांनी उजव्या पायाच्या आणि डाव्या पायाच्या बोटांवर टाचणी लावून पाहिली आणि डाव्या पायाशी जास्त वेळ घालवला.

मग एका दुपारी परत निघताना धामणकर नाक्यावर आमच्या गावच्या बाया टोपल्या घेऊन उन्हात उभ्या होत्या. अंबाडीकडची एसटी आली नव्हती. भावाने मान खाली घालून जीप पुढे काढली. फळीवरून बाबांचा आवाज आला, थांबव. मी म्हटलं, बाबा, आज नको. ते म्हणाले, "बायांना उन्हात सोडून मी एकटा झोपून जाऊ? थांबव म्हटलं ना."

जीप थांबली. बाया चढल्या, नको नको म्हणत, पण चढल्या. एक माझ्या शेजारी, दोघी मागच्या फळीवर, एक चिखलरक्षकावर. शेजारची म्हातारी काकी बाबांच्या पायांशी टोपली मांडीवर घेऊन बसली. ती आणि बाबा एका वयाचे, लहानपणापासून एकमेकांना टोचून बोलणारे. मी मनातून चिडले होते. माझ्या नियमाचं पहिल्याच कसोटीत असं झालं म्हणून. काकी बसल्या बसल्या बाबांना म्हणाली, "आख्ख्या जन्मात मला बैलगाडीत कवा बसवलं न्हाईस. आता जीपगाडीत बसवतंस." बाबा हसले. ते हसल्यावर दुखतं म्हणून हसायचं टाळत असत.

शहर संपलं, वाडा रस्ता लागला. मी सवयीने त्यांच्या कमरेखाली हात घातले आणि धक्क्याची वाट पाहत राहिले. धक्का आला नाही, म्हणजे आला पण पोचला नाही. जीप खाली दबायची आणि पुन्हा वर यायची, झोपाळ्यासारखी. भाऊ मागे वळून माझ्याकडे बघत होता. आत वळण्याआधीच बाबांना झोप लागली होती.

म्हशीच्या पाठीवर मात्र पोट टेकणार हे दिसत होतं. इतक्या माणसांनी जीप खाली बसली होती, मुठीची जागा कधीच गेली होती. भाऊ थांबला. आणि कुणी न सांगता सगळ्या बाया उतरल्या, वर्षानुवर्षं उतरत आल्या तशा. त्या उतरल्याबरोबर जीप वर आली. मला ती वर येताना दिसली. दोघी दोन्ही बाजूंनी फळीवर हात ठेवून चालल्या, भावाने मुंगीच्या पावलाने जीप सरळ कातळावरून नेली आणि पलीकडे बाया पुन्हा चढल्या. बाबा जागे झाले नाहीत.

पाटे ट्रकचे होते. त्यांना ट्रकचं वजन हवं होतं. गॅरेजमध्ये आम्ही ती काठी रिकाम्या जीपखाली घातली होती आणि बाबांना जपायचं म्हणून जीप रिकामी ठेवली होती. त्या वाटेवर एरवी कधीच रिकामी न चालणारी गाडी.

त्यानंतर काम माझ्या हातात आलं. मी कुणाच्या कुठल्या दिवशी जीपमध्ये बसायचं ते ठरवून दिलं. गावाने ते हौसेने घेतलं. वजनाची पाळी असं त्याचं नावच पडलं. जाडजूड बाईला म्हणायचे, तू दोघांची भरतीस, तुझी पाळी एका खेपेआड. काकी हडकुळी, तिला पाळी नको म्हटलं तर तिने मांडीवर जातं घेऊन बसायची धमकी दिली. बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं सर्वांचं ठरलं, कारण आपल्यासाठी कुणी येतं म्हटलं असतं तर ते फळीवर चढलेच नसते. सगळे बाजाराला निघाल्यासारखे निघायचे. टोपल्या घ्यायचे, वर फडकं झाकायचे.

बाबा सुधारत होते. हे मी आशेने म्हणत नाही, डॉक्टर म्हणत होते. उजवा पाय त्यांचं ऐकायला लागला होता. डावा ऐकत नव्हता, पण दांडीच्या आधाराने त्याला ओढत ते पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचे. परतताना ते फळीवर झोपूनच बाहेर बघत राहायचे, कुणाच्या खाचरात काय चाललंय ते. तो राब भाजायचा काळ. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजायच्या, ते पावसाच्या आत झालं पाहिजे. रोज नव्या काळ्या चौकोनांतून धूर निघायचा. बाबा विचारायचे, हिचा राब अजून भाजला न्हाय? तिचाही न्हाय? आई काहीतरी उत्तर द्यायची.

एका सकाळी म्हशीच्या पाठीवर बाया उतरत असताना काकीची टोपली निसटली आणि फळीवर, बाबांच्या हाताशी पडली. फडकं बाजूला झालं. टोपली रिकामी होती. बाजाराला निघालेल्या बाईची टोपली सकाळी रिकामी नसते. बाबांनी ती उचलून काकीला दिली. मग मान वळवता येईल तेवढी वळवून त्यांनी बाकीच्यांच्या टोपल्यांकडे पाहिलं. सगळ्यांवर फडकी होती. दवाखान्यात त्या दिवशी त्यांनी दांड्या नीट धरल्या नाहीत.

घरी आल्यावर ओटीवर पडल्या पडल्या त्यांनी काकीला बोलावून घेतलं. मी आत होते, ऐकत होते.

"किती दिस चाललंय हे?"

"काय ते?"

"तुझा राब पडून हाय. हिचा पडून हाय. माणसं काय वाळूच्या गोणी हायत?"

काकी म्हणाली, तुला बरं वाटतं ना, मग झालं. बाबा म्हणाले, बरं वाटतं, म्हणून तर. काकी उठताना म्हणाली, "लहानपणी पण असाच हेकट होतास."

मी समजावलं. आई समजावून थकली. गावचे लोक येऊन म्हणाले, राब एक दिवस मागे-पुढे झाला तर काय होतं? बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माणसं जीपमध्ये बसली तर मी बसणार नाही, एवढंच एक वाक्य. मग भावाने त्यांचंच बोलणं उचललं. वाळूच्या गोणी. तानसा नदीची वाळू भरून गोण्या जीपमध्ये रचल्या. माझ्या कागदावर हे कधीच यायला हवं होतं असं मला वाटलं. वजन म्हणजे वजन.

निघालो. आई, मी, भाऊ, फळीवर बाबा, भोवती गोण्या. गावापासून म्हशीच्या पाठीपर्यंत जीप लोण्यासारखी चालली. बाबा म्हणाले, आता बरोबर. आणि म्हशीच्या पाठीवर जीप टेकून बसली, अगदी पहिल्या दिवसासारखी. गोण्या आपल्या आपण उतरत नाहीत, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आईने आणि मी एक गोणी ओढून पाहिली, ती जागची हलली नाही. भाऊ एकटा उतरवायला लागला. गोण्या उतरवायला आणि पलीकडे नेऊन चढवायला माणसं हवीत, आणि माणसं आणायची तर गोण्या कशाला? मी कडेला उभी राहून त्याला हे सांगणार होते, पण त्याचं तोंड पाहून पुढे झाले आणि गोणीचं दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात डोंगरपाड्यावरचे दोघे बापये मजुरीला निघालेले तिथून चालले होते. ते न विचारता गोण्या उतरवायला लागले. बाबा त्यांना म्हणाले, "मलाबी उतरव रं. मीच एक वजन ऱ्हायलोय आत."

मी नको म्हटलं. डॉक्टरांचं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दोघांनी त्यांना काखेत धरून हळूच उतरवलं आणि उभं केलं. उन्हात, दांड्यांशिवाय. त्यांचा एक हात जीपच्या कडेवर होता. भावाने जीप सुरू केली. रिकामी जीप वर उचलली गेली आणि सरकली. बाबांचा हात तिच्या कडेवरून घसरत गेला, मागच्या फळीपर्यंत, मग सुटला. जीप पलीकडे जाऊन थांबली. फार लांब नव्हती. आमच्या घराच्या ओटीपासून विहीर असेल तितकी.

बाबांनी उजवा पाय टाकला. नीट टाकला. मग आम्ही सगळे डाव्या पायाकडे पाहत राहिलो. बाबाही. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसे. ते दोघे धरून उभे होते, घाई करत नव्हते. भाऊ जीपमधून उतरून अर्ध्या वाटेवर थांबला होता. मला तोपर्यंत असं एकही काम आठवत नाही की ज्यात मी काहीच करू शकत नव्हते. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. धरायला माणसं होती. पाय त्यांचा होता.

"न्हाय येत तो," बाबा म्हणाले. चिडून नाही. एखादा बैल येत नाही म्हणावं तसं.

त्या दोघांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. भावाने विचारलं, दवाखान्यात ना? बाबा म्हणाले, घरी. जीप आता वाडा रस्त्याच्या बाजूला होती आणि घर म्हशीच्या पाठीमागे, गावाकडे. म्हणजे पुन्हा तीच जागा पार करायची. केली. गोण्या तिथेच बांधाला राहिल्या.

आम्ही नंतर डॉक्टरांना गावी बोलावलं, ते एकदा आले. मी त्यांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवले होते. त्यांनी बाबांचा डावा पाय पाहिला आणि मी कागद घडी करून ठेवून दिला. पाऊस लागला, वाट बंद झाली. बाबा पुढे बरीच वर्षं ओटीवर बसून होते. दोरखंड वळायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे. चालले नाहीत.

मिस्त्री म्हणाले होते तसे पाटे बसले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भावाने मला घ्यायला जीप आणली तेव्हा मी एकटीच होते, आणि रिकामी जीप वाडा रस्त्यावरून झुलत चालली होती. दिघाशीच्या फाट्यावर गावची चार माणसं चढली, त्यात काकी होती. जीप पुढे चालली आणि म्हशीच्या पाठीशी आल्यावर थांबली. पाटे बसल्यामुळे ती तशीही पुन्हा टेकलीच असती, म्हणून भाऊ आता पूर्वीसारखी तिरकी काढायचा. सगळे उतरले. मीही उतरले.

जीप कलत कलत निघाली. काकी तिच्या शेजारून चालत होती, डावा हात आत, जिथे फळी असायची तिथे धरलेला. तिथे आता फळी नव्हती, भावाने पुढची सीट पुन्हा बसवली होती. पलीकडे पोचेपर्यंत तिने हात काढला नाही. मग आम्ही चढलो आणि घरी गेलो. बाबा ओटीवर होते. त्यांनी काकीला विचारलं, राब कधी भाजणार यंदा?